नावं कुणालाच दिसणार नाहीत

सोकेनी, १२ ऑक्टोबर २०१८

प्रिय झिनाताई,

आंद्रोनिकची मिनीबस उद्या सकाळी इटलीला निघतेय, म्हणून पार्सलबरोबर हे पत्र. डब्यात सोललेले अक्रोड आहेत. टोमॅटोच्या लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळलीय. मागच्यासारखी फुटली तर आंद्रोनिकला बोल, मला नको. तू नेहमी म्हणतेस, "स्टेला, फोनवर तू सगळं छान छान सांगतेस, कागदावर मात्र खरी असतेस." तर आता कागदावर सांगते, या वर्षी खरंच छान चाललंय.

तुझ्या जुन्या गणिताच्या वर्गात मोठा स्क्रीन बसवलाय, बोट लावलं की चालणारा. तुझा हिरवा फळा मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलाय. परदेशातल्या कुठल्याशा मदतीतून हे आलं, बरोबर सत्तावीस टॅबही. मुख्याध्यापिका ग्लाफिरा मॅडमनी मला पुढे केलं, कारण बाकीचे सगळे निवृत्तीला टेकलेत. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मी कुरकुरत गेले आणि कुरकुरतच परत आले. म्हटलं, आलं आणखी एक खेळणं. नाताळपर्यंत धूळ खाईल.

सातवीचा वर्ग कसा असतो ते तुला सांगायला नको. प्रश्न विचारला की तेच चार हात वर. बाकीचे बाकाच्या लाकडात काहीतरी शोधत बसतात. अठरा वर्षं मी भाषा शिकवतेय आणि अठरा वर्षं मी त्या चार हातांशीच बोलत आलेय.

आता काय होतं, मी प्रश्न टाकते. प्रत्येकजण आपल्या टॅबवर उत्तर लिहितो. उत्तरं एकेक करून मोठ्या स्क्रीनवर उमटतात, पण नावाशिवाय. पहिल्याच दिवशी मी मुलांना शब्द दिला, "कुणी काय लिहिलं ते कुणालाच दिसणार नाही. कुणी हसणार नाही, कारण कुणाला हसायचं तेच कळणार नाही." ताई, त्या तासाला सत्तावीसच्या सत्तावीस उत्तरं आली.

आणि त्यातलं एक उत्तर तुला सांगायलाच हवं. मी विचारलं होतं, उन्हाळा संपला हे तुम्हाला कधी कळतं? कुणी लिहिलं शाळेची घंटा, कुणी लिहिलं द्राक्षं. एकानं लिहिलं, "आजी तिसरं ताट परत कपाटात ठेवते तेव्हा." मग इलिंका म्हणाली, "मॅडम, हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं, "मला काय माहीत?"

मला माहीत होतं. माझ्या टॅबवर नावं दिसतात. ते सेवेरिनानं लिहिलं होतं, नादेज्दा गिल्काच्या मुलीनं. तू सुट्टीत आलीस तेव्हा ती लहान होती. ती तोतरी आहे. दोन वर्षांत तिनं वर्गात तोंड उघडलेलं नाही, आणि मीही तिला विचारणं सोडून दिलं होतं. दया म्हणून, आणि खरं सांगायचं तर वेळ वाचतो म्हणूनही. आता रोजचं सगळ्यात चांगलं उत्तर तिचं असतं. ते स्क्रीनवर आलं की तिचे कान लाल होतात.

तिची आई तुझ्याच गावात कामाला आहे ना? भेटली तर सांग.

तुझी,
स्टेला

त्रेविझोजवळून, २८ ऑक्टोबर

स्टेला,

बरणी फुटली नाही. अक्रोड मी सांभाळते त्या आमच्या बाईंनी संपवले. एक्याण्णव वर्षांच्या आहेत, तोंडात चार दात, तरी अक्रोड माझ्याआधी त्यांना हवेत.

माझा फळा व्हरांड्यात टाकलात हे वाचून दोन मिनिटं तुझ्याशी अबोला धरला, मग पुढचं वाचलं. वीस वर्षं मी त्या फळ्यासमोर पोरांना उभं केलं. ज्याला येत नाही त्याला तर मुद्दाम. भीड मोडते असं आम्हाला शिकवलं होतं. किती जणांची मोडली आणि किती जणांचं दुसरंच काहीतरी मोडलं, ते मोजायला मी थांबले नाही. इथं म्हाताऱ्या बाईला अंघोळ घालताना असले विचार येतात. तेव्हा तुझा स्क्रीन मला मान्य आहे.

एकच विचारते. तुला नावं दिसतात हे मुलांना माहीत आहे का?

नाद्या, म्हणजे सेवेरिनाची आई नादेज्दा, मला दर रविवारी दुपारी बागेत भेटते. तुला माहीतच आहे, ती माझीच विद्यार्थिनी, मला अजून "बाई" म्हणते. ताटाचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं. तिनं ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पत्राचा तेवढा तुकडा मागितला आणि पाकिटात घडी करून ठेवला. म्हणाली, "बाई, माझ्याशी तर ती बोलतच नाही. मी रोज पाच वाजता फोन करते. काहीही विचारा, 'हो' म्हणते. जेवलीस का, हो. थंडी आहे का, हो. बरी आहेस का, हो."

मी तिला समजावलं. म्हटलं, तेरा वर्षांची पोर, रोज रोज आईला काय सांगणार. तू तिला भंडावतेस. आठवड्यातून एकदा, रविवारी कर, मग बघ कशी भडाभडा बोलते. ते तिला पटलं. माझं तिला सगळंच पटतं.

पुढच्या पार्सलात बाईंनी दिलेला केक पाठवते. मुलीनं लिहिलेलं आणखी काही असेल तर कळव. नाद्या विचारत होती.

तुझी,
झिना

सोकेनी, २ डिसेंबर

प्रिय झिनाताई,

उशीर झाला, रागावू नकोस. इथं खूप गडबड होती. जिल्ह्यातून पाहुणे आले होते, शिक्षण खात्याचे तिघे आणि ती मदत देणारे दोघे. त्यांना माझा तास दाखवायचा होता. ग्लाफिरा मॅडमनी आठवडाभर आधी पडदे धुवून घेतले, मुलींना भरतकामाचे सदरे घालून यायला सांगितलं.

तास उत्तम झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिल्ह्याच्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, असं काम आम्ही राजधानीतही पाहिलं नाही. फेब्रुवारीत मला तिकडे बोलावणार आहेत, दुसऱ्या शिक्षकांना दाखवायला. पेपरात फोटोही आला, पण त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

नावांबद्दल तू विचारलं होतंस. ते जरा लांबलचक आहे, सवडीनं लिहीन.

सेवेरिना सध्या शाळेत येत नाहीये. थंडीनं पडलीय म्हणे. तिच्या आईला काळजी वाटेल असं काही सांगू नकोस. केक छान होता, पण वाटेत चुरा झाला. आम्ही चमच्यानं खाल्ला.

तुझी,
स्टेला

त्रेविझोजवळून, १० डिसेंबर

स्टेला,

"थंडीनं पडलीय म्हणे." तुझ्या या "म्हणे"वर मी पहिल्यांदा वाचतानाच बोट ठेवलं होतं. तेव्हा वाटलं, असेल. आता वाटत नाही.

काल रविवारी नाद्या बागेत आली. बाकावर बसली नाही, उभ्यानंच फोन माझ्या हातात दिला. शाळेच्या पानावर तुमच्या त्या तासाचा व्हिडिओ आहे, शेजारणीनं तिला पाठवला होता. तिनं तो आधी, ती ज्या म्हाताऱ्याला सांभाळते त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहिला होता. तीन मिनिटांचा आहे. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत पोरीचं नाव आहे, नावाखाली तिचं उत्तर आहे. पोर उभी आहे. भरतकामाचा सदरा तिला मोठा होतोय, नाद्याचाच असावा. आणि शेवटी टाळ्या आहेत.

नाद्यानं विचारलं, "बाई, हे माझ्या सेवेरिनानं लिहिलंय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "सगळ्या गावानं वाचलं?" मग तिनं फोन परत घेतला आणि गेली.

त्या उत्तरात काय लिहिलंय ते मी वाचलं. त्यातला एक भाग असा आहे की त्याबद्दल मलाही तुला काही सांगायचंय, ते नंतर. आधी तू सांग. नावं कुणालाच दिसणार नाहीत असा शब्द तू दिला होतास, तुझं बारा ऑक्टोबरचं पत्र माझ्यासमोर आहे. मग तिचं नाव तिथं आलं कसं? मशीन बिघडलं असेल तर तसं लिही. मला तसंच असावं असं वाटतंय.

झिना

सोकेनी, १९ डिसेंबर

प्रिय झिनाताई,

मशीन बिघडलं नव्हतं.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा चुलीत टाकलं. आता जसं होईल तसं लिहिते.

त्या दिवशी मी प्रश्न दिला होता, "ज्याला काही सांगायचं राहून गेलं, त्याला एक-दोन वाक्यांत लिहा." पाहुण्यांसमोर मुलांचं मन उघडलेलं दिसावं म्हणून मीच तो निवडला होता. आधी मजेशीर उत्तरं आली. एकानं कुत्र्याला लिहिलं होतं. मग ते आलं. तू वाचलंयस, तरी मी लिहिते, कारण ते मला पाठ झालंय.

"आधी आई रोज फोन करायची. मी नुसतं 'हो' म्हणायचे, कारण 'हो' अडकत नाही. आता ती रविवारीच करते. तिला माझ्या 'हो'चा कंटाळा आला असेल. मला तिला खूप सांगायचं असतं."

जिल्ह्याच्या बाईंनी चष्मा काढला. मी तिथंच थांबले असते तर सगळं ठीक झालं असतं. पण मदत देणाऱ्यांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "फार सुंदर. पण नावं नाहीत, तेव्हा ही सगळी उत्तरं तुमच्या दोन-तीन हुशार मुलांचीच नाहीत कशावरून? मागं राहिलेली मुलं भाग घेतात हे आम्हाला कसं कळणार?"

त्यांचा आवाज वाईट नव्हता. पण ग्लाफिरा मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, आणि माझ्या मनात आलं, आता दाखवतेच यांना. माझ्या टॅबवर कोपऱ्यात एक खूण असते. त्यावर बोट ठेवलं की उत्तराशेजारी नाव येतं. मी बोट ठेवलं. विचार करायला वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही. त्यांनी पाण्याचा घोट घेतला तेवढा वेळ होता.

सव्वीस मुलांनी एकदम मान वळवली. इलिंका पुटपुटली, "ती?" एवढंच. हसलं कुणी नाही. हसली असती तर मला त्यांना रागावता तरी आलं असतं.

आणि मी काय केलं, तर पाहुण्यांना सांगितलं, "ही मुलगी दोन वर्षं वर्गात एक अक्षर बोललेली नाही." ती समोर बसली असताना. मग म्हटलं, "सेवेरिना, उभी राहा बाळ, तूच वाचून दाखव." मला खरंच वाटलं होतं की आता ती बोलेल. सगळं इतकं छान जुळून आलं होतं, तर तेही होईल. ती उभी राहिली. पहिल्याच शब्दावर अडकली. मी वाट पाहिली, किती ते आठवत नाही, व्हिडिओत असेल. मग मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या जागी ते उत्तर मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. टाळ्या त्यानंतरच्या आहेत. त्या तिला नव्हत्या, मला होत्या, आणि मी मान लववली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. थंडीबिंडी काही नव्हती. मी तिच्या घरी गेले होते. तिची आजी, वासिलिसा आजी, फाटकातच म्हणाली, "आता काय राहिलंय दाखवायचं?" मी परत फिरले.

वर्गाचंही सांगते. त्या आठवड्यात मी सोपासा प्रश्न टाकला. स्क्रीनवर आकडा येतो, इतक्यांपैकी इतकी उत्तरं. सव्वीसपैकी शून्य. मी थांबले. तरी शून्य. शेवटी इलिंकानं हात वर केला. "मॅडम, तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं ना?" मी म्हटलं, आज तब्येत बरी नाही, पुस्तक काढा.

ग्लाफिरा मॅडमना म्हटलं, व्हिडिओ काढून टाका. त्या म्हणाल्या, "एवढी चांगली गोष्ट, त्यात लाजायचं काय?" मी पुढे बोलले नाही. फेब्रुवारीतलं बोलावणंही मी अजून नाकारलेलं नाही.

आता तुला माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. नाद्याला काय सांगायचं ते तूच ठरव.

स्टेला

त्रेविझोजवळून, २२ जानेवारी

स्टेला,

तुझं पत्र सणाच्या दिवसांत आलं. मी उत्तर लगेच लिहू शकत होते, पण तुला शिव्या दिल्या असत्या, आणि तो हक्क मला नाही.

"आता ती रविवारीच करते." हे वाक्य तुला पाठ आहे. ते कुठून आलं ते आठव. माझं ऑक्टोबरचं पत्र काढ. रोज फोन करून तिला भंडावू नकोस असं मी नाद्याला शिकवलं. तिकडे पोर रोज पाच वाजता फोनपाशी बसत होती, हे वासिलिसा आजीनं आता नाद्याला फोनवर सांगितलं. सहा आठवडे ती बसत राहिली. तिला वाटलं, आपल्याला बोलता येत नाही म्हणून आईनं सोडलं. मी त्या पोरीला धड ओळखतही नाही, स्टेला. बाकावर बसून, सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता मी हे ठरवून टाकलं.

व्हिडिओ पाहिला त्याच दिवशी मला हे कळलं होतं. तरी तुला लिहिताना "ते नंतर" म्हटलं आणि आधी तुझी झाडाझडती घेतली. दुसऱ्याला फळ्यासमोर उभं करायची सवय.

नाताळनंतरच्या रविवारी मी नाद्याला सगळं सांगितलं. तू काय केलंस ते, आणि मी काय केलं ते. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाई, तुम्ही मला तेव्हाही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मी पण विचार न करता ऐकलं. माझीच मुलगी." त्यानंतर दोन रविवार ती दुसऱ्या बाकावर बसली. तिसऱ्या रविवारी मी उठून तिच्याकडे गेले आणि म्हटलं, तू घरी जा. महिनाभर जा. तुझ्या म्हाताऱ्याचं मी बघते. सकाळी आमच्या बाई झोपेतून उठायच्या आधी आणि दुपारी त्या पडतात तेव्हा. त्याच्या मुलाशी मी बोलले, तो तयार आहे. नाद्यानं आभार मानले नाहीत, मला ते बरं वाटलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती आंद्रोनिकच्या गाडीनं येईल.

आता एक गोष्ट. ही तिनं मला बागेतून जाताना सांगितली. मी तुला सांगू नये असं ती म्हणाली नाही, म्हणून सांगते.

तिनं तो व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिलाय. ती म्हणाली, "बाई, माझी मुलगी वाचत नव्हती. ते उत्तर 'आधी'नं सुरू होतं. 'आधी' म्हणायला तोंड उघडावं लागतं. तिची जीभ वरच्या दातांना लागली होती, तीन वेळा. तिचं कुठलं अक्षर कसं अडतं ते मला माहीत आहे, तिला बोलायला मी शिकवलंय. ती 'नको' म्हणत होती."

आवाज व्हिडिओत येत नाही, मागं कुणीतरी खोकतंय. मी पुन्हा पाहिला. आता मलाही तेच दिसतं.

तू तिच्या शेजारी उभी होतीस. हे मी विचारत नाही, फक्त लिहितेय.

झिना

सोकेनी, ३ मार्च २०१९

प्रिय झिनाताई,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचल्यावर मी काय काय केलं, ते क्रमानं लिहिते. नाहीतर पुन्हा सोयीचं तेवढंच लिहीन.

आधी वर्गात गेले. स्क्रीन लावला नाही. मुलांना सांगितलं, "पहिल्या दिवसापासून मला नावं दिसत होती. कुणालाच दिसणार नाहीत म्हणाले ते खोटं होतं. आणि सेवेरिनाचं नाव मशीननं दाखवलं नाही, मी दाखवलं." मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग आम्ही कुत्र्याबित्र्याचं लिहिलं तेही तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "आणि तुम्ही आम्हाला विचारायचात, कुणी लिहिलं असेल बरं?" त्यालाही मला हो म्हणावं लागलं. ताई, पाहुण्यांपुढे मान लववताना इतकं जड गेलं नव्हतं.

त्यातलं सगळ्यात वाईट मला नंतर कळलं. सगळी नावं बंद करायची, अगदी माझ्याही टॅबवर, अशी सोय त्यात पहिल्यापासून आहे. सेटिंगमधली एक बरोबरची खूण काढून टाकायची असते. प्रशिक्षणात त्यांनी सांगितलंही असेल. मला ती कधी शोधावीशी वाटली नाही. आता मी ती सगळ्यांसमोर काढली आणि टॅब इलिंकाच्या हातात दिला. म्हटलं, तास संपेपर्यंत तुझ्याकडे ठेव, हवा तेव्हा बघ. ती खरंच दर दहा मिनिटांनी बघते. पहिल्या दिवशी चार उत्तरं आली. काल अकरा होती. त्यापलीकडे कधी जाईल ते मला माहीत नाही.

जिल्ह्याच्या बाईंना मी पत्र लिहिलं, तासात काय झालं ते आणि मी राजधानीत येणार नाही ते. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ शाळेच्या पानावरून काढून टाकला गेला. ग्लाफिरा मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलतात. पुढच्या वर्षी स्क्रीन दुसऱ्या कुणाला देणार आहेत. देऊ देत. फक्त ती खूण कुठं असते ते मी त्यांना कागदावर लिहून दिलंय.

नाद्या आली. तिला घरी येऊन आठवडा झाला तेव्हा मी गेले. तिनंच दार उघडलं. आत ये म्हणाली, बस म्हणाली नाही. स्वयंपाकघरात सेवेरिना घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्याशी बोलायचंय, असं मी म्हटलं. नाद्या म्हणाली, "बोला की. मी इथंच आहे."

मी उभ्यानंच बोलले. नाव दाखवलं त्याची माफी मागितली, उभं केलं त्याची मागितली, ती समोर असताना तिच्याबद्दल पाहुण्यांना सांगितलं त्याची मागितली. हे सगळं मी घरून ठरवून गेले होते. तुलाही मी एवढंच कबूल केलं होतं. ती पहिल्या शब्दावर अडकली, असं मी तुला लिहिलं. स्वतःलाही तसंच सांगत होते, दोन महिने.

मग मी म्हटलं, "आणखी एक आहे. तू वाचत नव्हतीस. तू 'नको' म्हणत होतीस. मला ते ऐकू आलं होतं. पहिल्यांदा 'न' म्हणालीस तेव्हाच कळलं होतं. तुझ्या तोंडून ते पूर्ण बाहेर पडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून मी घाईनं वाचायला सुरुवात केली."

नाद्यानं भांडं खाली ठेवलं. मला ते ऐकू आलं होतं, याची तिला कल्पना नव्हती. मला वाटलं, आता ती मला हाकलून देईल, आणि दिलं असतं तर बरं झालं असतं.

सेवेरिनानं हातातली शेंग संपवली. मग माझ्याकडे बघून बोलायला लागली. शब्द अडला. पुन्हा अडला. तिच्या मानेची शीर ताठ झाली. ताई, अठरा वर्षांची सवय आहे, माझ्या तोंडात तिच्यासाठी तीन-चार शब्द तयार होते. मी ते गिळले. नाद्याही काही बोलली नाही. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मागच्या बाजूला वासिलिसा आजी कोंबड्यांना हाका मारत होती, त्या हाका संपल्या, तरी सेवेरिना तिथंच होती, त्याच अक्षरावर.

शेवटी ती म्हणाली, "मला म-माहीत होतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात."

आणि तिनं पुढची शेंग घेतली.

तुझी,
स्टेला